जात काय बघता, पेशी बघा!

१९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे आपल्या शाखेतल्या नवख्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच काळात ते ब्लॅक पँथर नेमके काय करत होते असे विचारले, तर बंदूक, काळे जॅकेट आणि उगारलेली मूठ, एवढ्यावर आपले उत्तर संपते.

ते आणखी एक काम करत होते. १९७१ पासून हा पक्ष काळ्या वस्त्यांमध्ये लोकांची बोटे टोचून सिकलसेलची मोफत तपासणी करत होता. मार्च १९७२ मध्ये ओकलंड शहरातल्या त्यांच्या परिषदेत हजारो लोकांचे रक्त तपासले गेले. त्याच वर्षी त्यांनी आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला आणि सर्व पीडितांसाठी मोफत आरोग्यसेवेची मागणी त्यात घातली. सरकारने आमच्या रक्ताकडे कधी पाहिलेच नाही, म्हणून आता आम्हीच पाहतो, अशी ती भूमिका होती. काळ्या समाजातून दबाव वाढत गेला आणि मे १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही करावी लागली.

आपण नाव घेतले, मूठ घेतली. सुई आणि काच मात्र तिकडेच राहिली. पन्नास वर्षांनंतर रत्नागिरी जिल्ह्यात, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे. आपल्या बौद्धवाडीतली बाई वर्षानुवर्षे "अंगात रक्त कमी" म्हणून गोळ्या खाते. तिच्या रक्ताच्या पेशी दिसतात कशा, हे आजवर कोणी पाहिले आहे का?

काचेवर काय दिसते?

आधी विज्ञान समजून घेऊ. ते न समजता केलेले आंदोलन म्हणजे नुसती घोषणा.

रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतात. दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरवतात, वाळवतात, लिशमन नावाच्या रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हजारपट मोठा करून बघतात. याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. लॅबवाले नुसते 'स्लाइड' म्हणतात. निरोगी लाल पेशी गोल असते, मधोमध थोडी फिकट, आकार साधारण सात-आठ मायक्रॉन. तिच्या शेजारी छोट्या लिम्फोसाइट पेशीचे केंद्रक असते, साधारण तेवढीच ती दिसली पाहिजे. ही झाली फूटपट्टी.

आता बिघाड बघा. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात काही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी लहान आणि फिकट असतात. त्यांत मधोमध ठिपका असलेल्या, नेमबाजीच्या फळीसारख्या 'टार्गेट' पेशी दिसतात, कधी पेशीत निळसर बारीक ठिपके दिसतात. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाच्या स्लाइडवर तर पेशींचा आकार एकसारखा राहतच नाही, आणि अस्थिमज्जेत असायला हव्यात त्या केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशी रक्तात उतरलेल्या असतात. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान आणि फिकट होतात, पण तिथे पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसतात, पेशींच्या आकारात तफावत जास्त असते आणि एकूण पेशींची संख्या सहसा कमी असते. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान असूनही त्यांची संख्या चांगली असते, अनेकदा घनमिलिमीटरला पन्नास लाखांच्या वर. पेशी लहान आणि संख्या भरपूर, ही जोडी सीबीसीच्या कागदावर दिसली की तिथे थांबून विचार केला पाहिजे.

ही नजर जगाला मिळाली १९०४ मध्ये. ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा काळा तरुण रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त काचेवर पाहिले आणि त्याला त्या विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटाने दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी चूक पकडली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले आहे. एका जागेचा फरक, आणि त्यामुळे पेशी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, हाडे ठणकतात, प्लीहा निकामी होते, लहान मुलाला जंतुसंसर्ग जीवघेणा ठरतो. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा ते वीस दिवसांत मरते.

एवढी मोठी गोष्ट सुरू झाली ती एका काचेवरून. यंत्राने आकडा दिला म्हणून नव्हे, एका माणसाने डोळा लावून बघितले म्हणून.

"आमच्या जिल्ह्यात हा आजार नाही"

रत्नागिरीत हा विषय काढला की एक वाक्य तयार असते: सिकलसेल विदर्भाचा आणि आदिवासी पट्ट्याचा, थॅलेसेमिया सिंधी-गुजराथ्यांचा. कोकणाचा काय संबंध?

हे वाक्य विज्ञानाचे नाही, आळसाचे आहे.

पहिली गोष्ट, माणसे जिल्ह्याच्या हद्दीत राहत नाहीत. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेले शिक्षक, पोलीस, तलाठी, नर्स कोकणात नोकरी करतात, संसार करतात, त्यांची मुले इथे जन्मतात. लोटे-परशुरामच्या कारखान्यांत देशभरातून मजूर येतात. आंब्याच्या बागा नेपाळी राखणदारांच्या जिवावर राखल्या जातात. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगडच्या डोंगरात कातकरी वाड्या आहेत, आणि कातकरी ही महाराष्ट्रातल्या अतिमागास आदिम जमातींपैकी एक आहे. आमचा चाकरमानी मुंबईत लग्न जमवतो, तिथे कोणाचे रक्त कोणाशी जुळते हे जिल्ह्याच्या यादीला काय माहीत?

दुसरी गोष्ट, थॅलेसेमिया 'त्या' जातींचा, हे अर्धसत्य आहे. काही समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आढळते हे खरे. पण मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्र आणि गुजरातचे जिल्हे वेगवेगळे तपासले, तेव्हा प्रमाण जिल्ह्यागणिक बदलते हे २०१० मध्येच मांडले गेले. ज्याची शंकाच घेतली जात नाही, त्याची तपासणी होत नाही. तपासणी होत नाही म्हणून रुग्ण सापडत नाही. आणि रुग्ण सापडत नाही म्हणून "आमच्याकडे हा आजार नाही". हे चक्र आपल्याला नवे नाही. "आमच्या गावात जातिभेद नाही" हे वाक्यही असेच तयार होते. तक्रार नोंदवायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून अन्याय नाही म्हणायचे.

तिसरी गोष्ट, रत्नागिरीचे रक्त शास्त्रज्ञांना अनोळखी नाही. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अतिदुर्मिळ 'बॉम्बे' रक्तगट शोधला. पुढे महाराष्ट्रात असा रक्तगट जिथे जिथे सापडत गेला, त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची कुटुंबे ठळक होती. म्हणजे दुर्मिळ गट शोधायला कोकणाच्या रक्तापर्यंत पोचता येते, आणि रोजच्या अशक्तपणाचे कारण शोधायला पोचता येत नाही?

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. काच वापरायची सवय आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आहे! ताप आला की मलेरियासाठी रक्ताची स्लाइड घेण्याची पद्धत या देशात कैक दशकांची आहे. आज जलद तपासणीच्या पट्ट्या आल्या, तरी ती स्लाइड गेलेली नाही. लॅब टेक्निशियन त्या काचेवर डोळा लावून लाल पेशीच्या आत मलेरियाचा परजीवी शोधतो. पेशीच्या आत बघतो, पण पेशीचा आकार लिहायचा रकानाच त्याच्या कागदावर नाही. त्यात आणखी एक विसंगती बघा. सिकलसेलचा जीन जगात टिकला आणि पसरला तोच मुळी मलेरियामुळे. या जीनचा एकच डोस असलेल्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. ज्या काचेवर आपण मलेरिया शोधतो, त्याच मलेरियाने माणसाच्या रक्तावर सोडलेली खूण कधीकधी तिथेच समोर असते. आपण ती वाचत नाही, कारण वाचायला सांगितलेलेच नाही. दोष त्या कंत्राटी टेक्निशियनचा नाही. दोष रकाना न छापणाऱ्यांचा आहे.

निळी गोळी, लाल गोळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के आहे. यावर सरकारचे उत्तर गोळी आहे. शाळकरी मुलीला आठवड्याला निळी, गरोदर बाईला रोज लाल.

गोळी बंद करा असे मी म्हणत नाही. हे नीट वाचा, नाहीतर उद्या कोणी अर्धे वाक्य फिरवेल. बहुसंख्य बायका-मुलांना लोह कमी पडते, कारण ताटात डाळ, भाजी, मटण-मासे कमी पडतात, आणि ते कमी पडण्याला जात आणि जमीन कारणीभूत आहे. गोळी घ्यायचीच.

पण सहा महिने गोळी नीट घेऊनही ज्या मुलीचे हिमोग्लोबिन हलत नाही, तिचे काय? तिला सांगितले जाते, "तू गोळ्या खात नाहीस, फेकून देतेस." म्हणजे आजार तिचा आणि चोरीही तिचीच! थॅलेसेमियाच्या वाहकाला लोहाची कमतरता नसेल, तर लोहाच्या गोळीने तिच्या पेशी मोठ्या होणार नाहीत. त्या जन्मतःच तशा आहेत. आणि थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला तर जास्तीचे लोह विषासारखे आहे. रक्त चढवून चढवून त्याच्या हृदयात, यकृतात लोह आधीच साठत असते.

केंद्राच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाच्या कागदातही मलेरिया, फ्लोरोसिस आणि हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार ही पोषणाबाहेरची कारणे हाताळा, असे लिहिलेले आहे. पण पुढे शब्द आहे: जिथे प्रादुर्भाव आहे त्या 'पट्ट्यांत'. पुन्हा पट्टा, पुन्हा यादी. यादीबाहेरच्या गरिबाला एकच आकडा मिळतो: हिमोग्लोबिन नऊ. नऊ का, हे कोणी विचारत नाही. आकडा सांगतो की रक्त कमी आहे. का कमी आहे, याचा पहिला धागा पेशीकडे बघितल्यावर हाती लागतो.

"महारांचा आजार" म्हणणाऱ्यांना

आता विरोधकांकडे वळू.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १९५८ च्या सुरुवातीला, त्याच नागपुरातल्या शुक्ला आणि सोलंकी या दोन डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेव्हापासून आजपर्यंत विदर्भातल्या सिकलसेलचे जवळजवळ प्रत्येक संशोधन 'महार' किंवा 'नवबौद्ध' या शब्दाशिवाय पुढे सरकत नाही. मोजणी आवश्यक होती, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजणीतून उचललेल्या शेऱ्याबद्दल: "हा महारांचा आजार." यात 'त्यांच्या रक्तातच खोट आहे' हा जुना मनुवादी सूर नव्या पांढऱ्या कोटात बोलतो.

त्यांना तीन गोष्टी सांगा.

एक, हाच आजार ग्रीस, सिसिली, तुर्कस्तान, सौदी अरेबिया आणि आफ्रिकेत आहे. ग्रीसमध्ये कोणते महार आहेत? जीनचा संबंध जातीशी नाही, मलेरियाच्या डासाशी आहे. डासाला कोणाचा दाखला कोणत्या प्रवर्गाचा हे समजत नाही.

दोन, हा आजार भिल्ल, पावरा, माडिया, प्रधान अशा आदिवासींत आहे, इतर मागासवर्गीयांतही आढळतो. आणि 'महार' या एका नावाखालच्या माणसांतही तो सगळीकडे सारखा नाही. पूर्व महाराष्ट्रात प्रमाण जास्त, पश्चिमेकडे कमी. गावकुसाबाहेर मात्र दोघांना सारखेच ठेवले गेले. नाव एक, अपमान एक, पण रक्तातला जीन वेगळा. म्हणजे जात ही जीवशास्त्राची वस्तू नाहीच. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स'मध्ये हेच हत्यार वापरले होते. वंशशास्त्रज्ञांनी नाकांची मापे घेतली होती. बाबासाहेबांनी तीच मापे हातात घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. शत्रूची फूटपट्टी घेऊन शत्रूचा सिद्धांत मोडायचा, ही आपली परंपरा आहे. सूक्ष्मदर्शकही तसाच हातात घ्यायचा.

तीन, जीन कोणाचाही असो, तो एका समाजात कोंडला कोणी? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे सार एका शब्दात पकडले होते: अंतर्विवाह. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल रुग्ण होण्याची, ५० टक्के वाहक होण्याची, २५ टक्के पूर्ण निरोगी असण्याची. दोन वाहक एकमेकांना भेटण्याची शक्यता कुठे वाढते? जिथे पिढ्यानपिढ्या त्याच वर्तुळात लग्न लावले जाते तिथे. ते वर्तुळ आम्ही आखलेले नाही. ज्यांनी आखले, त्यांनीच आज आमच्या रक्ताकडे बोट दाखवावे, याला काय म्हणायचे?

पण सावध राहा. यातून उलटे विष निघू शकते. रेणूतला दोष ओळखणारे तेच पॉलिंग, नोबेल मिळवलेले, जगभर शांततेसाठी झगडलेले. १९६८ मध्ये त्यांनी सुचवले की सिकलसेलचा जीन असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडणार नाहीत! गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधायला लावणाऱ्या व्यवस्थेचे आपण वंशज-साक्षीदार. कपाळावरच्या खुणेचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. अमेरिकेत सत्तरच्या दशकात तपासण्या झाल्या, आणि पाठोपाठ निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडवले गेले. हवाई दलाच्या अकादमीचा दरवाजा तर १९८१ पर्यंत त्यांना बंद होता. आपल्याकडे तपासणीनंतर रंगीत कार्ड देतात. ते कार्ड उपचाराचे आणि सल्ल्याचे राहिले पाहिजे. ते गावाला दाखवायचे दुसरे जातप्रमाणपत्र होता कामा नये. अहवाल माणसाच्या हातात द्या, ग्रामसभेत वाचू नका, शाळेच्या फळ्यावर लावू नका. वाहक हा रुग्ण नाही, हे दहा वेळा सांगा.

आपल्या घरातले प्रश्न

व्यवस्थेला जाब विचारताना आपल्या वाडीतही बोलले पाहिजे.

पोराचे सांधे ठणकतात, रात्रभर रडते, डोळे पिवळे होतात, की अजूनही काही घरांतून आधी भगताकडे नेतात. देवस्की झाली, कोणी करणी केली, गाऱ्हाणे घाला. बावीस प्रतिज्ञा घेऊन सत्तर वर्षे होत आली आणि पोराच्या गळ्यात ताईत? विळ्यासारखी पेशी वाहिनीत अडकते तेव्हा तिला अंगारा सोडवत नाही. पाणी, वेदनाशामक, वेळेत रुग्णालय आणि डॉक्टरने सुरू केलेले हायड्रॉक्सियुरिया त्या मुलाला जगवते.

दुसरे, लपवाछपवी. "मुलीचे लग्न मोडेल" म्हणून अहवाल कपाटात ठेवायचा, आणि दोष सुनेच्या माथी मारायचा. जीन दोघांकडून येतो. तपासणी करायची तर नवऱ्याचीही, आणि लग्नाआधी मुलाचीही. पत्रिका जाळली म्हणता ना? मग तिच्या जागी रक्ताच्या अहवालाची नवी पत्रिका बसवू नका. अहवाल माहितीसाठी आहे. दोन वाहकांनी लग्न करायचेच ठरवले, तर तो त्यांचा हक्क आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते, ती सोय त्यांना माहीत असली पाहिजे आणि परवडली पाहिजे.

तिसरे, आपल्या जयंत्या. डीजेवर हजारो रुपये जातात. त्यात एका दिवसाचे रक्त तपासणी शिबिर बसत नाही?

"आता किट आले, काच कशाला?"

हा आक्षेप गंभीर आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन, भर आदिवासीबहुल जिल्ह्यांवर. चांगले आहे. आदिवासी बांधवांना ते आधीच मिळायला हवे होते. पण त्या चौकटीत विदर्भातला बौद्ध अर्धवट आणि कोकणातला बौद्ध जवळजवळ अदृश्य आहे. शिवाय सोल्युबिलिटी टेस्ट आणि झटपट किट सिकल हिमोग्लोबिन पकडतात, बीटा थॅलेसेमियाचा वाहक पकडत नाहीत. ज्या आईला थॅलेसेमिया आणि बापाला सिकल आहे, त्यांचे मूलही सिकलसेलचा गंभीर रुग्ण होऊ शकते. नुसत्या किटने आई 'निगेटिव्ह' म्हणून घरी जाईल.

उलट बाजूही खरी आहे, आणि ती लपवून वाद जिंकायचा नाही. नुसत्या स्लाइडनेही भागत नाही. सिकलच्या निरोगी वाहकाची स्लाइड बहुधा अगदी सर्वसाधारण दिसते, त्याला सोल्युबिलिटी टेस्ट लागते. ती टेस्ट वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात फसते. लोह कमी असेल तर थॅलेसेमियाचा पुरावा असलेले हिमोग्लोबिन ए-टू खाली दबलेले दिसू शकते. त्यामुळे शेवटचा शब्द एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा, गरज पडली तर जीन तपासणीचा. आणि कोकणात एक स्थानिक अडचण आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्लाइड सावकाश वाळते, आणि नसलेले टार्गेट, नसलेल्या पोकळ्या पेशींत दिसू लागतात. स्लाइड पंख्याखाली झटपट वाळवली पाहिजे, रक्त काही तासांच्या आत पसरले पाहिजे. जिल्ह्याच्या टोकावरून मोठ्या लॅबपर्यंत नळी हिंदकळत जाईपर्यंत पेशी बिघडतात. म्हणूनच काच जिथे रक्त काढले तिथेच बनली पाहिजे.

थोडक्यात, स्लाइड हा निकाल नाही, दरवाजा आहे. सीबीसीचे आकडे, स्लाइड आणि सोल्युबिलिटी ही तीन स्वस्त पावले गावाजवळ, आणि एचपीएलसी जिल्ह्याला. काच, रंग, सूक्ष्मदर्शक यांचा खर्च फारसा नाही. महाग आहे तो शिकलेला डोळा आणि त्या डोळ्याला दिलेला वेळ. आणि गरिबासाठी वेळ काढायचा नाही, हेच तर या व्यवस्थेचे धोरण आहे.

मग करायचे काय?

रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे, डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणी मंगळावरून डॉक्टर आणायचे नाहीत. आपल्या मागण्या अशा:

१. तीन महिने गोळी घेऊनही ज्याचे हिमोग्लोबिन वाढत नाही, अशा प्रत्येकाची सीबीसी आणि स्लाइड, आणि अहवालावर पेशींच्या आकाराची ओळ लिहिणे सक्तीचे.

२. प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्याच भेटीत आनुवंशिक हिमोग्लोबिन विकारांसाठी तपासणी. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदर स्त्रियांची तपासणी आहेच. ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही, त्याच आठवड्यात.

३. मलेरियाची स्लाइड बघणाऱ्या टेक्निशियनांना लाल पेशींचे आकार ओळखण्याचे प्रशिक्षण, संशयास्पद रक्ताची लिशमनने रंगवलेली दुसरी स्लाइड वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याची सोय. आणि त्यांना कायम नोकरी.

४. जिल्ह्यातच एचपीएलसी. कन्फर्म करायला माणसाने दिवसाची मजुरी बुडवून मुंबई गाठायची, हे बंद.

५. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे दिव्यांगत्वाचे प्रकार म्हणून मान्य आहेत. उच्च शिक्षणातल्या आरक्षणात ते येतात, पण कलम ३४ मधल्या सरकारी नोकरीच्या चार टक्क्यांत या रक्तविकारांचे नाव नाही. म्हणजे शिका, पण नोकरी मागू नका! ही दुरुस्ती आपल्या खासदार-आमदारांच्या तोंडून वदवून घ्या.

आणि आजच करता येईल असे काम: माहिती अधिकाराचा अर्ज. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना विचारा. गेल्या तीन वर्षांत रक्तक्षयाच्या किती रुग्णांची पेरिफेरल स्मिअर झाली? किती सोल्युबिलिटी टेस्ट, किती एचपीएलसी? किती टेक्निशियनांना प्रशिक्षण? प्रत्येक तालुक्याचे वेगळे आकडे मागा. उत्तर शून्य आले, तर तो शून्यच आपला पुरावा. आकडे आले, तर आपल्या वाडीचा हिशेब त्यात शोधा. बौद्धजन पंचायतीच्या गावशाखा आहेत, महिला मंडळे आहेत, मुंबई मंडळे आहेत. एका गावशाखेने एक अर्ज टाकला तरी जिल्हा हलतो. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात सिकलसेलवर आयुष्यभर काम केले, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. व्यक्ती एवढे करू शकते, तर चळवळ किती करू शकेल?

नर्सिंग, डीएमएलटी, बी.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना एकच सांगणे. तुमच्या हातात काच येईल तेव्हा यंत्राने छापलेला आकडा पुढे ढकलून मोकळे होऊ नका. डोळा लावा. त्या थेंबात तुमच्याच वाडीतली कोणीतरी बाई आहे, जिला वर्षानुवर्षे गोळ्या चोरल्याचा आरोप ऐकावा लागला आहे.

बाबासाहेबांनी सांगितले शिका. शिकणे म्हणजे पदवी घेणे एवढेच नाही, बघायला शिकणे आहे. आपल्याकडे बघून त्यांनी हजारो वर्षे फक्त जात पाहिली. आता आपण त्यांना पेशी बघायला लावू.

जय भीम!